कित्येकांना संशय वाटला

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला हे पटत नाही, आणि पटत नसताना उपासनेत उभं राहून गाणं म्हणजे ढोंग वाटतं, असं तू लिहिलंस. मी रागावलेलो नाही. ढोंगाची तुला चीड आहे, हे तर मला बरंच वाटलं. पण आधी पक्की खात्री आणि मगच उपासना, हा जो क्रम तू धरलायस, तो मला शुभवर्तमानात सापडत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढ, येशू उठल्यानंतरचा. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर पोहोचतात, येशूला बघतात, नमन करतात. आणि त्याच ओळीत पुढे लिहिलंय की कित्येकांना संशय वाटला. मत्तयाला हे वाक्य सहज गाळता आलं असतं. संशयासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, तो बायबलच्या सगळ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरी जागा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालता चालता बुडायला लागतो ती. ‘तू संशय का धरलास?’ हे येशू त्याला विचारतो खरं, पण हात आधी धरतो आणि मग विचारतो. इतकी वर्षं तो अध्याय वाचून हा क्रम माझ्याही लक्षात आला नव्हता.

थोमाला तर आपण उगाच बदनाम केलंय. बाकीचेही काही वेगळे नव्हते. कबर रिकामी आहे हे बायकांनी येऊन सांगितलं, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असं लूक आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहितो. थोमा फक्त तोंडावर बोलला, की येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. मला भावतं ते पुढचं. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा दारं बंद होती आणि थोमा आतच होता, बाकीच्या शिष्यांबरोबर. ‘आधी विश्वास ठेव, मग ये’ असं त्याला कोणी म्हटलं नाही, आणि तोही रुसून घरी बसला नाही. त्याने जखमेत बोट घातलं की नाही, हे योहान त्याच्या शुभवर्तमानात सांगतच नाही. सांगतो ते एवढंच की तो म्हणाला, ‘माझा प्रभू, माझा देव.’ पुरावा तपासून दिलेला निकाल असा नसतो रे. समोर कोण उभं आहे हे ओळखल्यावर तोंडून निघालेली ती उपासना आहे.

म्हणून ‘येशू आठवणींत जिवंत आहे, तेवढं मान’ अशी पळवाट मी तुला देणार नाही. प्रेषित पौलही देत नाही. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना साधारण इ.स. 55 च्या सुमारास लिहिताना तो सांगतो की पाचशेहून अधिक जणांनी येशूला एकाच वेळी पाहिलं आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत. आणि त्याच अध्यायात म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. तुझा प्रश्न मोठाच आहे, पौलानेही तो लहान केला नाही.

आता माझं ऐक. आजीला माती दिली त्या दिवशी ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन वाचलं गेलं आणि माझ्या आत काहीच हललं नाही. हाताला माती तेवढी चिकटली होती. पुढच्या रविवारी गेलो, तोंड मिटून उभा राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न बोलता आपलं गीतपुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला माझा आवाज निघाला, तोही बेसूर. खात्री त्यानंतरही लगेच आली नाही. पण मी गात होतो ते खोटं नव्हतं. ज्याच्यावर माझी आई विसंबून गेली, त्याच्याकडे तोंड करून मी उभा होतो.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांची मला नेहमी गंमत वाटते. रविवार तेव्हा सुट्टीचा वार नव्हता. ती सुट्टी रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये दिली. त्याच्या दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाचा रोमी अधिकारी त्या वेळच्या सम्राटाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. पुढे बहुतेक दिवसभर राबायला जात असतील. त्या अंधारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला खात्री होती, असं मला नाही वाटत.

तू जा किंवा जाऊ नकोस, मी विचारणार नाही. गेलास तर गायलंच पाहिजे असंही नाही. तुझं गीतपुस्तक इथे टेबलावरच राहिलंय. पाठवू का, ते कळव.

तुझे,
बाबा