आजारपणाची रजा संपली म्हणून नोकरी संपत नाही

संपादक महोदय,

पक्षाघात झाला, अपघातात पाय गेला, मधुमेहाने दृष्टी गेली, की कर्मचाऱ्याची अर्जित आणि परिवर्तित रजा बघता बघता संपते. मग आस्थापना शाखेतून एकच सूर लागतो : स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, नाहीतर रुग्णता निवृत्तिवेतन (आजारपणामुळे सेवेस अपात्र ठरवून दिले जाणारे निवृत्तिवेतन) घ्या. तो नाही म्हणाला की पुढची गैरहजेरी अनधिकृत ठरवून कारणे दाखवा नोटीस निघते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २०(४) असे करू देत नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याला शासकीय आस्थापनेने काढायचे नाही, खालच्या पदावरही आणायचे नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवायचे. या कलमात दिव्यांगत्व किमान ४० टक्के असण्याची अट लिहिलेली नाही, तरी ती सर्रास सांगितली जाते. जिल्हा परिषदा, महापालिका, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, अनुदानित संस्था हे सगळे यात येतात; अधिसूचनेने वगळलेली सशस्त्र दलांसारखी आस्थापने मात्र नाहीत. रुग्णता निवृत्तिवेतन दिले म्हणून हे संरक्षण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग प्रकरणात २००३ मध्येच, १९९५ च्या जुन्या कायद्यातील अशाच कलमाखाली स्पष्ट केले आहे.

प्रकरण बिघडते ते कागदांवर. साहेबांना फोनवर कळवले, एवढ्याने भागत नाही. रजा संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज प्रमाणपत्रासह द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्यावा. डॉक्टरांनी ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिले तर त्या कागदाचा उपयोग नाही, कारण त्यावरून कोणते पद द्यायचे हे कुणालाच ठरवता येत नाही. किती वेळ उभे राहता येते, जिने चढता येतात का, वाहन चालवता येते का, हे लिहून घ्यावे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीचा अर्जही लगेच भरावा. आणि दबावाखाली स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नये; ती मागे घेणे फार अवघड असते.

पर्यायी पदाच्या अर्जात कलम २०(४) चा उल्लेख करावा. दाद मिळाली नाही तर कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. त्याने नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. पुढे जिल्हास्तरीय समिती किंवा पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्त. आयुक्तांची शिफारस आली की आस्थापनेने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे, नाकारली तर कारण द्यायचे. पण ही शिफारसच असते. म्हणून राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे (सेवाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे) अर्ज करण्याची एक वर्षाची मुदत डोळ्यांआड करू नये; आयुक्तांकडे तक्रार प्रलंबित आहे म्हणून ती थांबेल, असे धरून चालू नये.

खासगी नोकरीत कलम २०(४) लागू नाही. तिथे भेदभावबंदी आणि समान संधी धोरणाची सक्ती आहे, पण पर्यायी पदाची स्पष्ट हमी नाही. ही उणीव संसदेने भरून काढली पाहिजे. तोवर निदान प्रत्येक शासकीय कार्यालयाने आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दर्शनी फलकावर लावावे.

आपला,
एक वाचक, पुणे