इंटर्न म्हणजे फुकटचा टायपिस्ट नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

उन्हाळी सुट्टी आली की मास कॉमची, म्हणजे पत्रकारिता शिकणारी पोरं इंटर्नशिप शोधत फिरतात, मीपण फिरले. मिळाली एका ठिकाणी, नाव नको, आणि दोन महिने मी काय केलं तर प्रेसनोटा, म्हणजे लोकांनी छापायला पाठवलेली निवेदनं टाईप केली, पहिल्या ओळी थोड्या फिरवल्या की झाली 'बातमी'! कोणाला फोन लावून खात्री करून घे, दुसरी बाजू विचार, असं कोणी एकदाही म्हणालं नाही.

खरं तर शिकायला लागतं थोडंसंच. एक सिनियर शेजारी बसवून आपली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, लाल पेनाने दुरुस्त करतो, हे वाक्य का उडवलं ते सांगतो, बस. शेवटच्या आठवड्यात एका सब-एडिटर ताईंनी माझा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, कापून अर्धा केला, ते वीस मिनिटांचं शिक्षण वर्षभराच्या नोट्सपेक्षा भारी होतं. पीआरमध्ये, म्हणजे प्रसिद्धीच्या कामात गेलेल्या मैत्रिणीचं बरं झालं, तिला निदान पत्रकार कशाला वैतागतात ते तरी कळलं 😄

आणि स्टायपेंड? "अनुभव मिळतोय ना" हे ऐकून कान किटले. अनुभवाने भाडं भरता येत नाही, म्हणून ज्यांच्या घरून पैसे येतात तेच टिकतात, मग न्यूजरूममध्ये सगळे एकाच थरातले दिसतात याचं नवल कशाला? अमेरिकेत डाऊ जोन्स न्यूज फंड ही १९५८ साली सुरू झालेली संस्था मुलांना आधी ट्रेनिंग देते आणि मग पगारी इंटर्नशिपला पाठवते, म्हणजे जमतं की. तुमच्या पेपरात इंटर्नला काय देता, तेवढं एकदा छापाच.

- एक माजी इंटर्न