एकाच डेटाचे दोनदा पैसे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोबाइल कंपन्यांनी बंद ठेवलेल्या सोयी फोनवर परस्पर कशा सुरू करून घ्याव्यात, यावर आपल्या पुरवणीत मागच्या आठवड्यात एक लेख आला होता. आमच्या घरातली तरुण मंडळी तो वाचून खूश झाली. मी मात्र दोनदा वाचला आणि बेचैन झालो. कुलूप कसे उघडायचे ते त्यात फक्कड सांगितले होते. ते लावले कुणी आणि कोणत्या हक्काने, याबद्दल चकार शब्द नव्हता. मी ३१ वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तारा, रिले, पुढे डिजिटल स्विच, सगळे हाताखालून गेले आहे. त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. पत्र लांबले तर खुशाल कात्री चालवा.

आधी माझ्यावर काय गुदरले ते सांगतो. नातीचा प्रवेश अर्ज भरायचा होता, शेवटचा दिवस, रात्रीचे साडेनऊ, आणि घरातले ब्रॉडबँड गेलेले. फोनवरून अर्ज भरून पाहिला. तिसऱ्या पानावर ‘पुढे’चे बटणच स्क्रीनबाहेर जात होते. शिवाय गुणपत्रिका आणि फोटो लॅपटॉपमध्ये. म्हटले, त्यात काय, माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावू. लावला. लॅपटॉप जोडलाही गेला. पण पान उघडले ते भलतेच. वर कंपनीचे चिन्ह, खाली मजकूर: आपल्या सध्याच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटची सुविधा नाही, सुरू करण्यासाठी येथे दाबा. दाबून पाहिले तर महिन्याच्या बिलाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतके जादा शुल्क, तेही दरमहा. त्याच वेळी फोनवर सगळे सुरळीत उघडत होते. नात म्हणाली, “आजोबा, फोनमध्ये नेट आहे ना? मग ते इथे का नाही येत?”

एकतीस वर्षांची नोकरी करून मला तिला चटकन उत्तर देता आले नाही.

माझ्या प्लॅनमध्ये महिन्याला ४० जीबी डेटा आहे. त्या रात्री त्यातला ३१ जीबी शिल्लक होता. म्हणजे पैसे भरलेले, माल पडून, आणि आम्ही बाहेर ताटकळत! शेवटी मुलाच्या फोनातले सिम काढले. ते दुसऱ्या कंपनीचे. टाचणीने माझ्या फोनचा ट्रे ओढला, त्यात ते बसवले, तेच बटण पुन्हा दाबले आणि अर्जाचे पान लख्ख उघडले. फोन तोच, लॅपटॉप तोच, टेबल तेच. बदलला तो नखाएवढा पत्रा. ११ वाजून १० मिनिटांनी अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवेला फोन लावला. बाई अगदी नम्र होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.
“सर, तो डेटा हँडसेटसाठी आहे.”
“अहो, हँडसेटमधूनच जातोय की तो.”
“हो सर, पण वापर लॅपटॉपवर होतो.”
“बरं, ते जादा शुल्क भरलं तर लॅपटॉपसाठी वेगळा डेटा देता का?”
“नाही सर. जो आहे त्यातूनच जाईल.”

हे शेवटचे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले, न जाणो आपलीच ऐकण्यात चूक होत असेल. चूक नव्हती. विकलेला माल पुन्हा विकायचा, आणि या खेपेला माल द्यायचासुद्धा नाही!

आता कंपनीला कळते कसे, की डेटा फोनने वापरला की लॅपटॉपने? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच सगळी गोम आहे. इंटरनेटवरची माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, त्याला टीटीएल म्हणतात. पाकिटाचे आयुष्यच म्हणा ना. वाटेतल्या प्रत्येक राउटरने, म्हणजे पाकीट पुढे ढकलणाऱ्या यंत्राने, तो एकाने कमी करायचा आणि शून्य झाला की पाकीट फेकून द्यायचे. हेतू चांगला आहे, वाट चुकलेली पाकिटे जन्मभर घिरट्या घालत राहू नयेत. फोन स्वतः पाकीट पाठवतो तेव्हा त्यावर साधारणतः ६४ असते. विंडोजचा लॅपटॉप १२८ लिहून पाठवतो. हॉटस्पॉट लावला की फोन स्वतःच राउटर होतो आणि लॅपटॉपच्या पाकिटावरचा एक आकडा खातो. त्यामुळे कंपनीच्या दारात पाकीट पोचते ते १२७ घेऊन. पहारेकरी ओळखतो, हा घरचा नव्हे, पाहुणा आहे.

ओळखण्याची ही एकच पद्धत आहे असे नाही. काही फोन तर हॉटस्पॉट सुरू करण्याआधी कंपनीलाच विचारतात, याला परवानगी आहे का? उत्तर ‘नाही’ असे आले की बटण करडे, किंवा दिसतच नाही. आयफोनमध्ये कंपनीने पुरवलेली सेटिंगची फाइल ते ठरवते. ॲन्ड्रॉइडवर हॉटस्पॉटची वाहतूक वेगळ्या एपीएनवरून, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या वेगळ्या दारातून, वळवण्याची सोय असते. पद्धत कोणतीही घ्या, एक गोष्ट कुठेच आड येत नाही: फोनची कुवत. फोन हे काम करू शकतो. त्याची किंमत आपण फोन घेताना मोजलेली असते.

खोटे कशाला बोलू, तुमच्या लेखातली युक्ती मीही एकदा करून पाहिली. लॅपटॉपमधला तो आकडा १२८ चा ६५ केला. फोनातून जाताना एक गेला, उरले ६४. पहारेकऱ्याला वाटले फोनच आला. तासभर सगळे बिनबोभाट चालले. मग मी आकडा पूर्ववत केला. पकडले जाण्याची भीती नव्हती असे नाही. करारातल्या बारीक अक्षरांत तशी मनाई आहे आणि सेवा बंद करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. पण खरे कारण वेगळे. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्याच घरात चोरून वापरायची, हे या वयात मला जमले नाही. माझा भाचा मला यावरून अजून चिडवतो. चिडवो बापडा.

हे दुखणे आजचे नाही आणि कुणा एका कंपनीचेही नाही. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने जून २०१० मध्ये आयफोनला लॅपटॉप जोडू देण्याची सोय आणली. २ जीबीच्या प्लॅनला महिना २५ डॉलर, आणि जोडणीचे २० डॉलर वेगळे. त्या २० डॉलरमध्ये जादा डेटा किती? शून्य. म्हणजे माझ्या ग्राहक सेवेतल्या बाईंचे वाक्य तेव्हापासून तेच आहे. २०१२ मध्ये याच कंपनीने आयफोनवरच्या फेसटाइमचे व्हिडिओ कॉल मोबाइल डेटावर फक्त विशिष्ट प्लॅनवाल्यांनाच खुले ठेवायचे जाहीर केले. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये थोडी माघार घेतली. व्हेरायझनची गोष्ट याहून बोलकी आहे. २००८ च्या लिलावात या कंपनीने मोबाइलसाठी ज्या रेडिओ लहरी घेतल्या, त्यांतल्या एका पट्ट्याला सरकारी अट होती, की ग्राहकाने कोणते उपकरण जोडावे, कोणते ॲप वापरावे, यात आडकाठी करायची नाही. असे असताना हॉटस्पॉटचे काम करणारी ११ ॲप गूगलच्या दुकानातून आपल्या ग्राहकांना मिळू नयेत, असा तगादा कंपनीने लावल्याची तक्रार झाली. जुलै २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटवले. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे चिल्लर, पण अट लिहिलेली होती म्हणूनच ते झाले, हे ध्यानात घ्या. नाहीतर ग्राहकाने कितीही डोके आपटले असते तरी हाती काही लागले नसते.

आमच्या धंद्यात हा वाद त्याच्याही फार आधीचा. अमेरिकेत हश-ए-फोन नावाचे एक पेल्यासारखे झाकण मिळे. रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला ते अडकवले की शेजारी बसलेल्याला आपले बोलणे ऐकू जात नसे. विजेचा संबंध नाही, तारेचा नाही, नुसते झाकण! तरीही टेलिफोन कंपनी म्हणाली, आमच्या यंत्राला आमच्या परवानगीशिवाय काही लावायचे नाही. सरकारी आयोगानेही कंपनीचीच री ओढली. १९५६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला: दुसऱ्याचे नुकसान होत नसेल तर ग्राहकाने आपला फोन आपल्या सोयीने वापरावा. मग १९६८ मध्ये कार्टरफोनचा, म्हणजे रेडिओ संच टेलिफोनला जोडणाऱ्या एका उपकरणाचा, निकाल आला आणि परक्या कंपन्यांची उपकरणे टेलिफोनच्या जाळ्याला जोडायला वाट मिळाली. उत्तर देणारी यंत्रे आणि मोडेम घरोघर गेले ते त्या वाटेने. त्या वेळी यंत्र निदान कंपनीच्या मालकीचे असे. आज फोन आपण विकत घेतो आणि तरी वाद तोच.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असे समजू नका. अमर्याद डेटाचा प्लॅन असेल तर मी म्हणेन, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. एक टॉवर शेकडो लोकांत वाटलेला असतो. फोनवर माणूस वापरून वापरून किती वापरणार? पण त्याच फोनाला घरातले दोन लॅपटॉप आणि टीव्ही जोडला तर एकटाच सगळ्यांचा रस्ता अडवेल. तिथे हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा घालणे मला गैर वाटत नाही, फक्त ती विकताना ठळक सांगावी. माझा आक्षेप मोजून दिलेल्या डेटाबद्दल आहे. ४० जीबी म्हणजे ४० जीबी. मीटर बसवलेल्या नळाचे पाणी मी बादलीत घेतो की कुंडीत घालतो, याची चौकशी कशाला?

फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधून विकण्याचा प्रकारही याच जातीचा. त्या रात्री माझा फोन तसा बांधलेला असता तर मुलाचे सिम घालून उपयोग नव्हता. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीत, कंपनीला न विचारता नव्या फोनचे हे कुलूप काढणे कॉपीराइट कायद्याच्या एका तांत्रिक फेऱ्यामुळे बेकायदा ठरले. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये नवा कायदा करून ते पुन्हा मोकळे करावे लागले. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाविनाच द्यायचे आणि जुन्यांचे फुकट काढून द्यायचे असा नियम केला. त्याआधी तिथे कुलूप काढायचे पैसे पडत, म्हणजे लावणाराही तोच आणि काढायची मजुरी घेणाराही तोच. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी घातली. त्या देशांतल्या मोबाइल कंपन्या त्यामुळे काही बुडाल्या नाहीत.

लेखातल्या एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. कुलूप उघडून देणारी ‘मोफत’ ॲप कुठूनही उतरवून घ्या, असा जो सूर होता तो घातक आहे. असे ॲप आपल्या फोनकडे जे अधिकार मागते ते पाहा: संदेश, संपर्क, कधीकधी तर सगळा स्क्रीन वाचण्याची मुभा. बँकेचा ओटीपी येतो तोच हा फोन. पैसे घेऊन अनलॉक कोड देतो म्हणणाऱ्यांना आयएमईआय (फोनची ओळख सांगणारा) क्रमांक आणि पैसे आधी पोचतात, कोड येतोच असे नाही. सिमचे कुलूप काढायचे तर आधी कंपनीकडेच लेखी मागा. हप्ते फिटले असतील तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते, आणि नाही म्हणाले तर ते नाही निदान कागदावर राहते.

मलाही ते कागदावरच हवे होते. फोन किंवा सिम विकताना कोणती सोय बंद आहे ते दर्शनी भागावर, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत छापावे आणि मोजून दिलेल्या डेटावर हॉटस्पॉटचे वेगळे शुल्क घेऊ नये, एवढेच मी माझ्या कंपनीला लिहिले. सोबत जादा शुल्क मागणाऱ्या त्या पानाचा फोटो आणि ३१ जीबी शिल्लक दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो जोडला. त्याला आता तेवीस दिवस झाले. तक्रारीची स्थिती ‘निकाली’ अशी दिसते. निकाल काय लागला ते तिथे लिहिलेले नाही, म्हणून काल त्याच क्रमांकाचा हवाला देऊन दुसरी तक्रार टाकली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ