खरादवाल्या काकांना, पाच पौंडांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर दोन ओळींच्या पुढे तुम्ही काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, दुकानातला पोरगा वाचून दाखवेलच. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दारात दहा पोरं जुन्या गाड्या घेऊन उभी राहतील आणि तुम्ही माझ्या नावाने खडे फोडाल. इंदूरच्या राजेंद्रनगर-रामबागेत 'खरादवाले काका', म्हणजे लेथवाले काका, म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

ज्यांनी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोनच सीट, फायबरग्लासची बॉडी, वर कापडी छप्पर. पुढे रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद साठ हॉर्सपॉवर. वरातीतल्या घोड्यासारखी: सजावट भरपूर, चाल बेताची. मामांच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती ती मी आणली, आणि तिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, लावायचा किडा डोक्यात शिरला. हाताशी साठ हजार रुपये. एका गॅरेजवाल्याने त्याच कामाचे अडीच लाख सांगितले आणि वर चहाही पाजला नाही.

मग मी अ‍ॅक्सिडेंटमधल्या स्विफ्ट डिझेलचा टर्बो साडेसहा हजारांत उचलला आणि पिशवीत घालून तुमच्याकडे आलो. वाटलं होतं, तुम्ही तो हातात घ्याल, फिरवून बघाल, वा वा म्हणाल. तुम्ही पिशवीत डोकावलात सुद्धा नाही. विचारलंत, "कॉम्प्रेशन किती आहे?"

सिलिंडरमध्ये हवा किती दाबाने आवळली जाते, ते मी मोजलं नव्हतं. तुम्ही गेज दिलंत. तीन सिलिंडर 160 पौंडांच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा 110. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायला लावलंत आणि पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही; पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने तो वाढला असता. "रिंग नाही, व्हॉल्व्ह जळलाय. आधी ह्याचं औषध कर. टर्बो कुठे पळून जात नाही." हेड उतरवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह निघाला तो कडेला कुरतडल्यासारखा. त्यात नऊ हजार गेले. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, म्हातारा फार हळू माणूस आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

तेव्हाच तुम्ही पेट्रोलचे रबरी पाइपही बोटांनी दाबून पाहिलेत. ते घामेजलेले होते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. गरम टर्बोच्या शेजारी पेट्रोल पाझरणारा पाइप, हा विचार आजही करवत नाही.

मग आली प्रेशरची गोष्ट, टर्बोने इंजिनात किती दाबाने हवा कोंबायची ती. मी बारा पौंडांचं स्वप्न बघत होतो. तुम्ही म्हणालात, "पाच." मी भांडलो. त्यावर तुम्ही व्याख्यान दिलं नाहीत, टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (दाब वाढला की दांडी ढकलून वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट सोडून देणारी झडप, उघडणारा डबा) उतरवला आणि त्याला पायपंप आणि प्रेशर गेज जोडलं. मी पंप मारत होतो, तुम्ही दांडीवर बोट ठेवून बसला होता. पाचला हालचाल नाही, दहाला नाही. चौदाच्या पुढे गेल्यावर दांडी कुठे सरकली. "बघ. ही स्प्रिंग डिझेलची आहे. चौदाच्या आधी वेस्टगेट उघडणारच नाही, वरून तू कसलाही कंट्रोलर लाव. कंट्रोलरने प्रेशर चढवता येतं, स्प्रिंगच्या खाली आणता येत नाही." मी त्या दिवशी तसाच टर्बो बसवून चावी मारली असती, तर टर्बोसाठी न बनलेल्या त्या इंजिनचे पिस्टन मी आज पेपरवेट म्हणून वापरत असतो. तुम्ही भंगारातून एका छोट्या पेट्रोल टर्बोचा नरम अ‍ॅक्च्युएटर शोधलात, ब्रॅकेट बदलली, दांडीची लांबी जुळवलीत. पुन्हा पायपंप. साडेचारला हलली, पाचला मोकळी.

आणि ते एक वाक्य: "हे भांडं डिझेलच्या आचेचं आहे." डिझेलचा एक्झॉस्ट साधारण 800 अंशांपर्यंत जातो, जोरात पळणाऱ्या पेट्रोल इंजिनचा 900च्या वर. म्हणून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर काही सेकंदच, आणि बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलिंग. तुमच्या हातची ती चिठ्ठी अजून डॅशबोर्डवर चिकटवलेली आहे.

इंजिनचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा मॅनिफोल्ड मी स्वतः बनवला याचा मला गर्व होता. जाड पाइपचे बेंड, इंजिनला बोल्टने बसणारी दहा मिलिमीटर प्लेटची फ्लँज, रात्री दोनपर्यंत वेल्डिंग. सकाळी तुम्ही त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, सरकवलं. 0.10 मिलिमीटरचं पान गेलं. 0.20चंही गेलं. 0.40चं पान अर्ध्यात अडकलं, तेव्हा तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज केळ्यासारखी वाकली होती. बोलला नाहीत काही. जाड लोखंडी पाटावर बोल्टने आवळून वेल्ड कसं मारायचं ते दाखवलंत, ती फ्लँज पुन्हा करून घेतलीत, मग मशीनवर तिचं तोंड मारून दिलंत. शेवटी 0.05चं पानही शिरेना. पैसे घेतलेत ते प्लेटचे, चारशे.

इलेक्ट्रॉनिक्स 'आमच्या काळातलं नाही' म्हणून तुम्ही झटकून टाकता, पण मुद्द्याचा प्रश्न तुमचाच होता: "हवा वाढली हे ह्या डब्याला कळणार कसं?" डबा म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर. जुना सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजणारा, त्यावर तो आंधळा. म्हणून आर्डुइनो या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर चालणारा स्पीडुइनो हा नवा डबा, अडीच बारपर्यंत दाब मोजणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर, हे सगळं आधी घेतलं. स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, आणि त्यांची गॅप कमी. या न दिसणाऱ्या वस्तूंवर टर्बोच्या चौपट पैसे गेले. एकूण हिशेब 68,300. आठ हजार तीनशे कुठून आले ते घरी विचारू नका.

निळ्या धुराचा दिवस आठवतो ना? पहिल्यांदा चालू केली आणि अख्खी गल्ली धुराने भरली. शेजारच्या आजी मच्छरवाली गाडी आली समजून खिडक्या लावायला धावल्या. मी डोक्याला हात लावून बसलो, टर्बोचं सील गेलं, साडेसहा हजार पाण्यात. तुम्ही स्कूटरवरून आलात, टर्बोच्या आतली फिरती दांडी दोन बोटांत धरून हलवलीत. आडवी किंचित हलत होती, मागे-पुढे अजिबात नाही. "टर्बो चांगला आहे. तेल परत जायला वाट कुठे ठेवलीस?" मी तेलाचा रिटर्न पाइप चासीवरून वळवून थोडा वर चढवला होता, दिसायला छान म्हणून. ते तेल प्रेशरने परत जात नाही, नुसतं खाली ओघळतं. चढ आला की तुंबतं आणि टर्बाइनकडून बाहेर पडतं. जाड पाइप, सरळ उतार, सम्पमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, तेलाच्या पातळीच्या वर तोंड. दोनशे साठ रुपयांत धूर बंद.

रस्त्यावर ती चालवायची नाही हेही तुम्हीच बजावलंत. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटर वाहन कायद्याचं कलम 52, आरसीवर एक आणि बॉनेटखाली दुसरं, विमावाला हात वर करणार. म्हणून फ्लॅटबेडवर चढवून पिथमपूरला मित्राच्या कारखान्याच्या आवारात नेली. जवळच नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक. आमच्या वाट्याला कुंपणाच्या आतला पाऊण किलोमीटर आणि तीन कुत्री.

तुम्ही गुडघे सांभाळत त्या बुटक्या सीटमध्ये कसे उतरलात देव जाणे. इंजिन ब्लॉकला बोल्टने आवळलेली, टोक चपटं केलेली तांब्याची नळी, तिला रबरी पाइप, पाइपचं दुसरं टोक तुमच्या कानात. पेट्रोल अवेळी भडकून इंजिनात बसणारे ठोके, म्हणजे नॉकिंग, ऐकायला डॉक्टरसारखे डोळे मिटून बसला होतात. "मी डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली की पाय काढायचा. विचार करायचा नाही."

दुसरा गिअर. बावीसशे आरपीएमला ती शिट्टी सुरू झाली आणि गाडीने पाठीत हात घातला. चार हजारांवर टकटक. पाय काढला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री मागे, पेट्रोल थोडं जास्त, मिक्स्चर साडेअकरावर (एक भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा) आणलं. पुन्हा टकटक. आणखी एक डिग्री. तिसऱ्या खेपेला पाच हजारांपर्यंत गेलो आणि तुमचा हात मांडीवरच होता. मी तुमच्याकडे बघत होतो, रस्त्याकडे नाही, त्यावरून शिव्याही खाल्ल्या.

उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "ठीक आहे." तुमच्या तोंडून हे ऐकायला मला अकरा महिने लागले. परतताना छप्पन दुकान या खाऊगल्लीत मी खाण्याचे पैसे द्यायला गेलो तर तेही तुम्ही आधीच देऊन ठेवले होते.

काका, मनापासून आभार. पाच पौंडांवर अडून बसल्याबद्दल जास्त.

आणि हो, तुमचं फिलर गेज त्या दिवसापासून माझ्याच टूलबॉक्समध्ये आहे. 0.10चं पान माझ्याकडून वाकलं. नवीन सेट घेऊन ठेवलाय, रविवारी पोहे घेऊन येतो. जुनाही आणतो, तुम्ही मोजूनच घ्याल.

तुमचा,
स्टॉर्मवाला