खड्डा होता तेवढाच लिहिणाऱ्या साहेबांना

सन्माननीय साहेब,

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुमची नोकरी अजून बरीच बाकी आहे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात रोजगार हमी योजनेतल्या (रोहयो) विहिरीची मोजणी करायला आलेले कनिष्ठ अभियंता तुम्ही, आणि हजेरीपटावर जिचं नाव होतं त्या बाईची मी मुलगी.

त्या हंगामात आई-वडील मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन सांगलीकडं ऊस तोडत होते. हजेरीपटावर मात्र आई गावातच विहीर खोदत होती. मजुरी तिच्या खात्यावर जमा व्हायची आणि कुणीतरी काढून न्यायचं. दिवाळीनंतर निम्मं गाव कोयत्यावर जातं, म्हणूनच तर ही नावं निवडली होती. तुम्ही घरांची कुलपं पाहिलीत, शेजाऱ्यांना विचारलंत, मोजमाप पुस्तिकेत खड्डा होता तेवढाच लिहिलात आणि वर अहवाल धाडलात.

चौकशी लागली, बिलं थांबली. ज्यांनी खरंच घाम गाळला त्यांचीही मजुरी अडकली. ते तुमच्यावर चिडले, आणि त्यांचा राग मला कळतो. घरात पीठ नसताना कुणाला चौकशीचं कौतुक असणार? पण ती मजुरी अडवली खऱ्या नावांत खोटी नावं घुसडणाऱ्यांनी. बाकीचे पारावर बसून म्हणत होते, टक्केवारी जमली नसेल, विरोधी गटाचा असेल. तुमची जातसुद्धा काढली. चला, टेप घेऊन विहीर मोजू, असं एकानंही म्हटलं नाही.

हे आमच्याच गावापुरतं नाही. २०१२ मध्ये जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनातल्या गैरव्यवहाराबद्दल थेट मुख्यमंत्र्यांना लिहिलं. पुढं २०१४ ला ते निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा अनेकांना वाटलं, बघा, यासाठीच सगळं होतं. पण दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढलं, हा आकडा सरकारच्याच आर्थिक पाहणीतला होता. पांढरेंच्या उमेदवारीनं तो बदलणार होता का? बोलणाऱ्याचा हेतू तपासायला आपल्याला भरपूर वेळ असतो, त्यानं दाखवलेलं काम तपासायला नसतो. मला याची फार चीड येते.

तुमच्यासारख्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करणारी अधिसूचना मात्र वर्षानुवर्षं रखडली. तुमची बदली झाली तेव्हा तुमच्या पाठीशी काहीच नव्हतं.

माझे आभार मुख्यतः पुढच्या गोष्टीसाठी आहेत. पैसे आईच्या खात्यावर आले होते, तेव्हा खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं. तशी कुजबुज सुरूही झाली होती. फड संपवून ती गावी आल्यावर तुम्ही पुन्हा आलात, मुकादमाकडून उचलीचा कागद मिळवलात, तिचा जबाब घेतलात. अंगठा घेण्याआधी तो तिला मोठ्यानं वाचून दाखवलात आणि तिनं सांगितलेली एक चूक दुरुस्त केलीत. सरकारी कागदावर आपल्या सांगण्यानं काही बदलतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

चौकशीत पुन्हा जबाब लागला तर आई यायला तयार आहे, अगदी जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा. फक्त निरोप धाडा. दिवाळीच्या आत असला तर बरं, नंतर ती फडावर असेल.

तुमची,
एका ऊसतोड कामगाराची मुलगी