औदुंबरच्या मांडवातल्या वहीवाल्या मुलीस

प्रिय बाळ,

संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात तू माझ्या आईशेजारी वही घेऊन बसलीस, म्हणून हे पत्र. त्या दिवशी तुझ्याशी बोलायला आले, पण गळा दाटून आला आणि धड बोलताच आलं नाही.

आई 78 वर्षांची. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांचं कथाकथन जवळपास कुठं असलं की गल्लीतल्या बायका गोळा करून निघणारी. ऐकू येईनासं झालं आणि सगळं सुटलं. कानाला मशीन आहे. पण ते लेखकाच्या आवाजाबरोबर खुर्च्या सरकल्याचा, मागच्यांच्या कुजबुजीचा आवाजही मोठा करतं. त्यात कर्णा घुमला की शब्द एकमेकांत मिसळून जातात. लोकांना वाटतं, मशीन लावलंय म्हणजे झालं.

एका शहरातल्या मोठ्या महोत्सवात आईला पुढं बसू द्या म्हणून मी हात जोडले होते. पुढचे सोफे निमंत्रितांचे होते. कार्यक्रम संपेपर्यंत ते रिकामेच राहिले. वर एकानं ऐकवलं, "ऐकू येत नाही तर आणलंत कशाला?" त्यानंतर आई कुठं यायलाच तयार नव्हती.

तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाण्याचे ग्लास वाटता वाटता तू बघितलंस की आई लेखकाकडं न बघता माझ्या ओठांकडं बघतेय. ट्रे ठेवलास, खुर्ची ओढलीस आणि ठसठशीत अक्षरात लिहायला लागलीस. लेखक काय म्हणाले ते, मांडवातून कुणी काय विचारलं तेही.

पण मला विसरता येत नाही ते वेगळंच. सगळा मांडव हसला की आई गोंधळून इकडंतिकडं बघते, मग सगळे हसतायत म्हणून आपणही हसते. वर्षानुवर्षं मी ते उसनं हसू बघत आले आहे. लेखकांनी एसटीतल्या म्हाताऱ्याचा किस्सा सांगितला, तेव्हा बाकीचं लिहिणं अर्धवट सोडून तू आधी तो किस्सा दोन ओळींत उतरवलास आणि वही तिच्यापुढं धरलीस. हशा अजून ओसरला नव्हता. आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, सगळ्यांच्या बरोबर हसली.

कवी सुधांशू आणि म. भा. भोसले यांनी कृष्णाकाठच्या या लहानशा गावात संमेलन सुरू केलं, ते इतकी वर्षं तुझ्यासारख्यांच्या जोरावरच चाललं असणार. हारतुरे, सत्कार सगळीकडं होतात गं. शेजारच्या माणसाचं काय अडलंय हे न विचारता ओळखणारी माणसं मात्र शोधावी लागतात. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

वही तू आईलाच देऊन टाकलीस. शेजारच्या काकूंना ती त्यातून वाचून दाखवते आणि एसटीचा किस्सा आला की वाचायच्या आधीच हसते. पुढच्या संक्रांतीला आम्ही येतोय. नवी वही आईनं आत्ताच आणून ठेवलीय.

तुझी,
एक मावशी