प्रकल्पाची पाने दुकानात का सरकतात?

मा. संपादक, स.न.वि.वि.

प्रकल्प जमा करायचे दिवस आले की राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत पालक पेनड्राइव्ह घेऊन रांगेत उभे असतात. घरी नीटनेटकी दिसणारी फाईल तिथे उघडली की शीर्षक एका पानाच्या तळाशी अडकलेले आणि मजकूर पुढच्या पानावर, असा प्रकार होतो. मग दुकानदाराला बोल लावला जातो. त्याचा यात काहीच दोष नसतो.

नवे पान हवे म्हणून मुले एंटर दाबत दाबत खाली जातात. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकत्र दाबून पाहावे. कोऱ्या वाटणाऱ्या जागेत उलट्या 'पी'सारख्या खुणांची उभी रांग दिसते. ती प्रत्येक खूण म्हणजे एक रिकामा परिच्छेद. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट वा कागदाचा आकार बदलला की ही रांग हलते आणि पुढची सगळी पाने बिघडतात. त्याऐवजी कंट्रोल-एंटर दाबावे. शीर्षकाला 'हेडिंग 1' ही स्टाइल द्यावी, म्हणजे ते खालच्या मजकुराला धरून राहते आणि अनुक्रमणिकाही आपोआप तयार करता येते. मजकूर बदलल्यावर तिच्यावर क्लिक करून एफ9 दाबायला मात्र विसरू नये.

कागदाचा आकार टायपिंगच्या आधीच ठरवावा. अनेकदा फाईल 'लेटर'ची असते आणि प्रिंटरमध्ये ए4 कागद. लेटरची उंची 279 मि.मी., ए4ची 297. हा फरक साधारण दोन ओळींचा, पण तेवढ्याने पानांची मांडणी विस्कटते. समास डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच ठेवावा. नाहीतर स्पायरलची भोके अक्षरांतून जातात.

मराठीची अडचण वेगळी. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो. मंगल किंवा निर्मला युनिकोड आहेत, तेच वापरावेत. ओळींतील अंतर 'एक्झॅक्टली' ठेवले तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. 'मल्टिपल' निवडून 1.5 द्यावे. फॉन्टच्या साइझचा आकडा बदलूनही मराठी अक्षरे लहानच राहिली तर कंट्रोल-डी दाबून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा साइझ तपासावा. मराठीचा आकार तिथे वेगळा नोंदवलेला असतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते.

दुकानात वर्डची फाईल नेऊच नये. 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करून, पाने एकदा नजरेखालून घालून तीच न्यावी.

शाळांना कळकळीची विनंती : प्रकल्पाच्या विषयासोबत कागद, समास, फॉन्ट आणि ओळींचे अंतर एवढे चार तपशील सूचनेत छापून द्या. आज प्रत्येक शिक्षक वेगळे सांगतो आणि मुलांना तीच पाने पुन्हा छापावी लागतात.

— एक संगणक शिक्षिका, कोल्हापूर